शब्द बदलले, म्हणजे मजकूर आपला?

परीक्षा-प्रबंधांच्या दिवसांत एक सल्ला फिरतो: 'दर तिसरा-चौथा शब्द बदला, मग ती चोरी ठरत नाही.' पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगच्या रांगेतही तो ऐकलाय. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं.

एक वाक्य घेऊ: 'काठावर वस्ती वाढली तसं मुठेचं पात्र आक्रसत गेलं.' ते बदलून केलं: 'तीरावर लोकवस्ती वाढली तशी मुठा अरुंद होत गेली.' शब्द निराळे, पण निरीक्षण, क्रम, कार्यकारणभाव सगळं पहिल्याचंच. श्रेय मूळ लेखकालाच द्यायचं. इंग्रजीतून मराठीत आणलं तरी तेच. 'मुळा आणि मुठेचा संगम पुण्यात होतो' याला मात्र संदर्भ नको. ते सर्वांना ठाऊक आहे.

चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का मुख्यतः जुळणारे शब्द मोजतो. नीट संदर्भ दिलेलं अवतरणही त्यात धरलं जाऊ शकतं आणि उचललेली कल्पना सुटू शकते. त्यापेक्षा मूळ पान मिटा, समजलं ते लिहा, मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. सांगाडा तोच दिसला तर पुन्हा लिहा. संदर्भ दोन्ही वेळा द्यायचाच.