आकाशगंगेच्या मध्याजवळचे तारे: वेग कसा मोजतात, वय कसं ओळखतात

धनु राशीकडे बघितलं की आपण आकाशगंगेच्या केंद्राकडेच बघत असतो, पण दिसत काहीच नाही, कारण मधे जवळपास 26 हजार प्रकाशवर्षांचं अंतर आणि नुसती धूळ. तिकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोचतो. इन्फ्रारेडला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला, ही धूळ फारशी अडवत नाही, म्हणून तर केंद्रापासून साधारण 100 प्रकाशवर्षांवर दिसणारे आर्चेस आणि क्विंटुप्लेट हे दोन तारकागुच्छ 1990 च्या दशकात नीट अभ्यासता आले.

आता वेग. काही वर्षांच्या अंतराने त्याच जागेचे फोटो काढायचे, आधी केक आणि व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणींनी काढले, मग हबलने, आणि कुठला तारा किती सरकला ते बघायचं. आर्चेस आजूबाजूच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षाला साधारण 5 मिलीआर्कसेकंद (हे कोन मोजायचं अगदी बारीक एकक) सरकतो, म्हणजे चंद्रावरची एखादी वस्तू नऊ-दहा मीटर हलली तर इथून जेवढी दिसेल तेवढं! शिवाय वर्णपटातल्या रेषा सरकलेल्या असतात त्यावरून तो सेकंदाला सुमारे 95 किलोमीटरने आपल्यापासून लांब जातोय हेही कळतं, दोन्ही मिळून वेग भरतो सेकंदाला 200 किलोमीटरच्या घरात.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे हाच वेग वय काढायलाही कामाला येतो. त्या दिशेला इतकी गर्दी आहे की गुच्छातला तारा कुठला आणि मधे आलेला उपरा कुठला हे नुसतं बघून सांगता येत नाही, पण गुच्छातले सगळे एकाच दिशेने एकाच वेगाने जातात, त्यामुळे उपरे आपोआप बाजूला पडतात. मग उरलेल्यांत कोण जिवंत आहे ते बघायचं. खूप जड तारे इंधन भराभर संपवतात आणि वीस-तीस लाख वर्षांतच त्यांचं रूप बदलतं. आर्चेसमधे नायट्रोजनवाले वुल्फ-रायेट तारे (बाहेरचे थर उडून गेलेले, म्हातारे होत आलेले जड तारे) सापडतात पण त्यापुढच्या टप्प्यातले कार्बनवाले नाहीत, म्हणून वय 25 ते 30 लाख वर्षं. क्विंटुप्लेटमधे कार्बनवालेही आहेत, त्याला ज्या पाच लालभडक ताऱ्यांवरून नाव पडलं ते त्यातलेच, म्हणजे तो थोडा थोरला.

वेग गुणिले वय केलं तर आर्चेस जन्मापासून दीडेक हजार प्रकाशवर्षं तरी धावलाय. पण नेमका जन्मला कुठे हे सांगायला तो केंद्राच्या किती पुढे किंवा मागे आहे हे लागतं, आणि ते अंतर फोटोत दिसत नाही, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांना एक नाही तर शक्य त्या सगळ्या कक्षा कॉम्प्युटरवर काळात मागे नेऊन बघाव्या लागतात.