कोर्टाबाहेरची तडजोड

दावा कोर्टात जायच्या आधी किंवा चालू असताना दोन्ही पार्ट्यांनी बसून एका आकड्यावर यायचं आणि विषय संपवायचा, याला तडजोड म्हणतात. सांगली, तासगावकडं लोक सरळ ‘मिटवून घेतलं’ म्हणतात. वरून हा समजूतदारपणाचा मामला वाटतो पण आत पक्का हिशोब असतो.

समजा तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराचे व्यापाऱ्याकडं 5 लाख अडकलेत. जिंकायची शक्यता 80 टक्के धरली तर दाव्याची किंमत झाली 4 लाख. त्यातनं वकील, हेलपाटे, बुडालेले दिवस असे 60 हजार गेले की शेतकऱ्याच्या पदरात 3 लाख 40 हजार. व्यापाऱ्याचाही खर्च 70 हजार धरा, म्हणजे त्याला केस पडते 4 लाख 70 हजारांना. या दोन आकड्यांच्या मधे कुठंही मिटलं तरी दोघंही फायद्यात, आणि मधले 1 लाख 30 हजार म्हणजे दोघांचा मिळून वाचणारा खर्च, सगळी घासाघीस चालते ती ह्याच्या वाटणीसाठी. (जिंकणाऱ्याला खर्च द्यायची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 मधे आहे, पण खरा झालेला खर्च त्यातनं क्वचितच भरून निघतो, म्हणून इथं ज्याचा त्याचा धरलाय.)

मग वाटणी कशी होते? एरियल रुबिनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं 1982 साली गणितानं दाखवलं की ज्याला थांबणं परवडतं त्याच्या वाट्याला जास्त येतं. आपल्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. एप्रिलमधे खरड छाटणी तोंडावर असते, मजुरांचे पैसे रोख द्यायचे, औषध दुकानाची उधारी थकलेली, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायचं, आणि व्यापाऱ्याला हे सगळं माहीत असतं म्हणून तो फोन बरोबर त्याच आठवड्यात करतो आणि म्हणतो, ‘अण्णा, तीन घ्या आणि मिटवा.’ 3 लाख 40 हजारांच्या खाली असलं तरी अण्णा घेतात. दोघांची सही असली म्हणून त्याला राजीखुशी म्हणणं मला पटत नाही, तो तंगीचा भाव आहे.

कधीकधी फट असूनही मिटत नाही, कारण दोघांनाही आपणच जिंकणार असं वाटत असतं. शेतकरी 95 टक्के धरून बसला तर तो 4 लाख 15 हजारांच्या खाली येत नाही, व्यापाऱ्याच्या मते शेतकरी जिंकायची शक्यता निम्मीच असेल तर तो 3 लाख 20 हजारांच्या वर जात नाही. इथं खरं सांगणारा वकील लागतो.

उशिराला किंमत लावली तर लोक लवकर मिटवतात. चेक बाऊन्सच्या केसेससाठी सुप्रीम कोर्टानं 2010 मधे दामोदर प्रभू निकालात असाच जिना घालून दिला होता: पहिल्या-दुसऱ्या तारखेला मिटवलं तर काही नाही, त्यानंतर चेकच्या रकमेच्या 10 टक्के, सेशन किंवा हायकोर्टात 15, सुप्रीम कोर्टात 20.

बांधाच्या भांडणात मात्र हा हिशोब चालत नाही. दोन फूट जमिनीपायी भाऊ-भाऊ जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त घालवतात कारण तिथं इभ्रत अडकलेली असते, आणि तिथं आकड्यापेक्षा दोघांनी मान दिलेला मधला माणूस कामाचा. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील म्हणजे आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती ह्याच जाणिवेतनं, गावातच समिती बसवायची आणि गाव तंटामुक्त झालं की बक्षीस.

तोंडी मिटलेलं टिकतंच असं नाही. कोर्टात चालू असलेला दावा लोकअदालतीत मिटवला तर कोर्ट फी परत मिळते, त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणजे पैसे दिले नाहीत तर नवा दावा न घालता थेट वसुलीची दरखास्त करता येते. रक्कम हप्त्यानं ठरली असेल तर पहिला हप्ता सहीच्या वेळीच घ्यावा, आणि ‘एक हप्ता चुकला तर राहिलेली सगळी रक्कम व्याजासकट एकदम’ हे वाक्य कागदात आहे का ते सही करायच्या आधी स्वतः वाचून बघावं.