कर्ता-क्रियापद अन्वय (इंग्रजी) : सराव

इंग्रजी वाक्यात कर्त्याच्या पुरुष-वचनानुसार क्रियापदाचे रूप ठेवण्याचा नियम आणि तो अंगवळणी पडावा म्हणून करून घेतला जाणारा सराव. विदर्भातील खेड्यांतल्या मराठी शाळांत बोलताना 'एस लावणे' एवढ्यावर भागते.

नियमाचा आवाका लहान आहे. 'बी'ची रूपे (अ‍ॅम, इज, आर इ.) सोडल्यास इंग्रजी क्रियापद केवळ साध्या वर्तमानकाळात, तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यापाशी बदलते : आय गो, दे गो, पण ही गोज. कॅन, मस्ट यांना तेवढाही बदल होत नाही.

या 'एस'च्या उगमाबद्दल मतभेद आहेत. प्राचीन इंग्रजीत येथे 'थ'युक्त प्रत्यय होता. 'स'ची रूपे उत्तर इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रियन बोलीत, लिंडिसफार्न शुभवर्तमानांच्या (बायबलमधील येशूच्या चरित्रांच्या) लॅटिन हस्तलिखितात ओळींमध्ये लिहिलेल्या भाषांतरात (सु. दहाव्या शतकाचा उत्तरार्ध), 'थ'च्या जोडीने आढळतात. काही अभ्यासक तो स्कँडिनेव्हियन संपर्काचा परिणाम मानतात. इतरांच्या मते द्वितीयपुरुषी एकवचनातला 'स' सादृश्याने पसरला. दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. संपर्काने फार तर वेग दिला असावा. उत्तरेत हा 'स' अनेकवचनी नामालाही चाले, लगतच्या सर्वनामाला मात्र नाही. या विशेषात काहींना केल्टिक भाषांची (ब्रिटनमधील इंग्रजीपूर्व भाषांची) छाया दिसते. लंडनच्या लेखनात एकवचनी 'स' साधारणतः सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थिरावला, तरी १६११ च्या बायबल भाषांतराने 'थ'च राखला. आज फळ्यावर खोडले जाणारे 'बुल्स ईट्स' एके काळी उत्तर इंग्लंडात चूक नव्हते.

मराठी विद्यार्थ्याला अन्वय नवा नाही. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्यामागे जाते, कर्मणीत कर्मामागे : मुलाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. उलट वऱ्हाडीत वर्तमानकाळी लिंगभेद गळून 'पोट्टा जाते, पोट्टी जाते' असे एकच रूप चालते. तेव्हा ही-शी-इट यांना एकच 'गोज' हे या मुलांना प्रमाण मराठीपेक्षा जवळचे वाटायला हरकत नाही. अडचण दुसरीकडे आहे. नामाला 'एस' लागला की अनेकवचन होते, हे ते आधी शिकलेले असतात. म्हणून तोच 'एस' क्रियापदाला अनेकवचनासाठी लावतात आणि 'द बुलक गो, द बुलक्स गोज' असे नेमके उलटे लिहितात. आदरार्थी अनेकवचनही आड येते : 'सर येतात' डोक्यात असल्याने 'सर कम'.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाला इंग्रजी पहिलीपासून आहे (२००० पासून, पूर्वी पाचवीपासून). सरावाचा साचा मात्र जुनाच : आय गो, वुई गो, यू गो असे एका सुरात म्हणणे, मग रिकाम्या जागा. 'माय फादर ___ कॉटन' येथे 'ग्रो' लिहिल्यास शिक्षक लाल खडूने 'एस' जोडतात. 'एस एकाच बाजूला, कर्त्याला तरी नाही तर क्रियापदाला' ही खूण उपयोगी, पण 'चिल्ड्रन', 'कॅटल', 'न्यूज' यांपाशी ती फसते. नकारार्थी वाक्यात 'एस' आधीच 'डझ'मध्ये गेलेला असतो, तरी 'डझ नॉट गोज' वहीत हमखास सापडते. 'द बॅग ऑफ सीड्स' यात जवळच्या 'सीड्स'कडे पाहून 'आर' लिहिणारे तर दहावीतही असतात. खरा कर्ता 'बॅग'. 'फाइव्ह क्विंटल्स' एकच माप म्हणून घेतले तर 'इज', पोती मोजायची तर 'आर'. पाठ्यपुस्तकी सराव या भेदापर्यंत क्वचितच पोहोचतो.