बीपी खाली-वर झालं तरी मेंदूचं रक्त तेवढंच? या समजुतीची पार्श्वभूमी

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. यंत्रमागावर उभा राहणारा कामगार असो, नाहीतर घरी टॉवेलच्या घड्या घालत बसलेली आजी, सांगणं एकच: "उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते." बीपी मोजलं तर 120/80, म्हणजे पुस्तकातलं आदर्श. मग चक्कर का? याचं उत्तर समजायला शे-सव्वाशे वर्षं लागली, आणि ते अजूनही अनेकांपर्यंत पोचलेलं नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळपास 15 टक्के रक्त त्याला लागतं. साठा जवळजवळ नाहीच. पुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. इतक्या नाजूक गोष्टीवर ताबा कुणाचा? 1890 मध्ये रॉय आणि शेरिंग्टन या संशोधकांनी मांडलं की मेंदूच्या पेशी काम करताना जी रासायनिक द्रव्यं तयार होतात, ती तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. सहाच वर्षांनी, 1896 मध्ये, लिओनार्ड हिल यांनी उलटा निष्कर्ष काढला: मेंदू स्वतः काहीच करत नाही, अंगातला दाब वाढला की रक्त वाढतं, उतरला की घटतं. हे मत पुढची कित्येक वर्षं टिकलं.

1902 मध्ये बेलिस यांनी दाखवलं की धमनीत दाब वाढवून तिची भिंत ताणली की ती आवळते, आणि ताण सैल झाला की रुंदावते. यात मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही. भिंतीतला स्नायू ताणला की त्याच्या पेशीत कॅल्शियम शिरतं आणि तो आकसतो, ही उकल नंतरची. 1930 च्या दशकात कोपनहेगनच्या मोन्स फोग यांनी मांजराच्या कवटीत काचेची खिडकी बसवून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दाब उतरवला की त्या रुंदावत, चढवला की आवळत. हिल यांचं मत इथेच डळमळलं.

माणसात मोजायची सोय झाली ती 1940 च्या दशकात, केटी आणि श्मिट यांच्यामुळे. रुग्णाला 10 मिनिटं थोडा नायट्रस ऑक्साइड मिसळलेला वायू हुंगायला द्यायचा. त्या वेळात हातापायाच्या धमनीतून आणि मानेतली मोठी शीर कवटीतून बाहेर पडते तिथून रक्ताचे नमुने घ्यायचे. दोन्हींतल्या वायूच्या फरकावरून आकडा निघतो: दर मिनिटाला, मेंदूच्या 100 ग्रॅममागे सुमारे 50 मिली.

1959 मध्ये डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी अशी मोजमापं एकत्र करून तो प्रसिद्ध आलेख काढला. सरासरी दाब (बीपीच्या दोन आकड्यांवरून काढतात, हिशोब पुढे आहे) 60 ते 150 मिमीच्या, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरच्या, दरम्यान असेपर्यंत रेष सपाट: दाब बदलला तरी मेंदूचं रक्त तेवढंच. वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी हा आलेख पाठ करतो. पण त्यातला एकेक बिंदू एकेका गटाची सरासरी होती: 7 अभ्यासांतले 11 गट, त्यांत गरोदर स्त्रिया, उच्च रक्तदाबाचे रुग्ण, औषधाने बीपी उतरवलेले लोक. एकाच माणसाचा दाब 60 वरून 150 वर नेऊन काढलेली ती रेष नाही. प्रत्यक्ष एका माणसातला सपाट भाग बराच अरुंद असतो आणि तो पूर्ण सपाटही नसतो.

आमच्या मते सर्वांत उपयोगाचं काम स्ट्रॅंडगार्ड यांचं, 1970 च्या दशकातलं. त्यांनी दाब उतरवत नेऊन पाहिलं की मेंदूचा पुरवठा कुठं घटू लागतो. दाब मूळचा नॉर्मल असलेल्यांत सरासरी 73 मिमीला. उपचारांनी बीपी आटोक्यात आलेल्यांत 96 ला. आटोक्यात नसलेल्यांत थेट 113 ला. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि रक्त तेवढंच राहण्याचा सगळा पट्टाच वर सरकतो. तिन्ही गटांत ही सीमा नेहमीच्या दाबापेक्षा साधारण पाव हिश्शाने खाली होती.

आता आजींचं गणित करू. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा, अधिक दोन्हींतल्या फरकाचा तिसरा हिस्सा. नेहमीचं बीपी 170/100 असेल तर 100 अधिक 23, म्हणजे 123. त्याचा पाव हिस्सा वजा केला की उरतात 92. आणि 120/80 चा सरासरी दाब 93. म्हणजे आदर्श आकड्यावर आजी कड्याच्या टोकावर उभ्या असतात. घामाने पाणी कमी झालेलं, बीपीची सकाळची गोळी पोटात, आणि उठल्यावर डोकं हृदयाच्या वर गेल्याने दर 13 सेंटिमीटरला मेंदूपाशी आणखी सुमारे 10 मिमी कमी.

वाढलेलं बीपी झटकन उतरवण्यातला धोका हाच. निफेडिपिन या बीपी उतरवणाऱ्या औषधाची कॅप्सूल टोचून जिभेखाली द्यायची पद्धत एकेकाळी सर्रास होती. दाब किती उतरेल यावर ताबा राहत नसे आणि त्यातून पक्षाघात, हृदयविकाराचे झटके आले. 1996 मध्ये ही पद्धत थांबवावी अशी उघड मागणी झाली. आज सर्वसाधारण नियम असा, की दाबामुळे अवयवांना इजा होत असेल तरी पहिल्या तासात सरासरी दाब पाव हिश्शापेक्षा जास्त उतरवायचा नाही. गुठळीमुळे पक्षाघात झाला असेल तर इजा झालेल्या भागातल्या वाहिन्या आधीच पूर्ण उघडलेल्या असतात आणि तिथं हिल यांचंच म्हणणं खरं ठरतं: दाब उतरला की रक्त घटलं. म्हणून गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं नसेल तर 220/120 पर्यंतचं बीपी सहसा पहिल्या दिवशी तसंच राहू देतात. ते औषध द्यायचं असेल तर मात्र आधी 185/110 च्या खाली आणावं लागतं, कारण नाहीतर रक्तस्राव होतो.

उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर बसून एकदाच घेतलेला आकडा पुरत नाही. 5 मिनिटं आडवं पडून एकदा मोजायचं, मग उभं राहून 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी. वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं, तर तो कागद डॉक्टरांना दाखवायचा. गोळी मनाने बंद करायची नाही.