उमेच्या फुलांवरचा मेजिरो आणि झुडपातला उगुइसु

जपानमध्ये फेब्रुवारीच्या सुमारास उमेची, म्हणजे जपानी जर्दाळूची, झाडे फुलतात तेव्हा फांदीफांदीवर उड्या मारत मध पिणाऱ्या पिवळसर-हिरव्या पक्ष्याला पाहून अनेकजण ‘उगुइसु’ (गाण्यासाठी प्रसिद्ध असलेला एक छोटा पक्षी) म्हणतात. पण तो बहुधा मेजिरो हा दुसराच पक्षी असतो. ही गल्लत समजण्यासारखी आहे, कारण उमे आणि उगुइसु ही जोडी आठव्या शतकापासून जपानी कवितेत वसंताची खूण म्हणून रुळलेली आहे आणि हानाफुदा या महिन्यांनुसार फुले रंगवलेल्या जपानी पत्त्यांत फेब्रुवारीच्या पानावरही तीच रंगवतात. उगुइसुचे गाणे त्याच दिवसांत जवळपास ऐकू येऊ लागते, म्हणून कानावर पडलेला आवाज समोर दिसणाऱ्या पक्ष्याच्या नावे सहज जमा होतो.

मेजिरो हा आपल्या सह्याद्रीतल्या चष्मेवाला पक्ष्याचा जवळचा नातलग आहे. लांबी जेमतेम 12 सेंटीमीटर, कंठ पिवळा आणि डोळ्याभोवती ठसठशीत पांढरे कडे. त्याच्या जिभेचे टोक कुंचल्यासारखे असल्याने फुलातला मध त्याला सहज टिपता येतो, आणि कीटक विरळ असलेल्या हिवाळ्यात कॅमेलिया या फुलझाडाच्या परागीभवनाचा मोठा भार तोच उचलतो. हिवाळ्यात तो थव्याने हिंडतो आणि बागा, उद्याने, शहरी रस्त्यांवरची झाडे यांत निर्धास्त वावरतो.

उगुइसु याच्या अगदी उलट वृत्तीचा आहे. तपकिरी झाक असलेला मळकट हिरवा रंग आणि डोळ्यावर फिकट भुवईसारखी पट्टी असलेला हा कीटकभक्षी पक्षी सासा नावाच्या ठेंगण्या बांबूच्या दाट जाळीत राहतो. त्यामुळे गाणे रोज ऐकूनही त्याला न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. नर आधी एक लांब, स्थिर शीळ घालतो आणि मग ‘होकेक्यो’ असा झटका देतो. डोंगरात हे गाणे ऑगस्टपर्यंत चालते. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या घरटी करतात आणि पिल्लांचे सारे संगोपन एकटी मादी करते, तर मेजिरोची जोडी ते मिळून करते. घरट्यांतही हा फरक उतरतो: मेजिरो फांदीच्या दुबेळक्यात कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली उघडी वाटी टांगतो, उगुइसुची मादी झुडपात खाली, बाजूने दार असलेला गवताचा आणि बांबूच्या पानांचा गोळा विणते. होतोतोगिसु ही छोटी कोकिळा अंडी घालण्यासाठी उगुइसुचे हेच घरटे शोधते.

हिवाळ्यात उगुइसु सखल भागात उतरतो, पण वसंताची चाहूल लागेपर्यंत गात नाही. जाळीतून ‘चॅ, चॅ’ असा कोरडा आवाज आला तर तो तिथे आहे असे समजावे, आणि फुलांवर पांढऱ्या कड्याचा डोळा दिसला तर तो मेजिरो.