दोन नंबर मोठा छर्रा

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात स्टटगार्ट गावाभोवती मैलोन्मैल भातखाचरं आहेत. हिवाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि उत्तरेकडून मॅलार्ड बदकांचे थवे उतरतात. आपल्याकडे बदकांची शिकार हा गुन्हा आहे. तिकडे परवाना काढून ती होते. पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या बारांमधले शिशाचे छर्रे तिथल्या पाणथळ जागांच्या चिखलात साठत गेले.

बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या पेषणीत त्या खड्यांनी दाणे भरडतं. खडा किंवा दाणा समजून छर्राही गिळला जातो. पेषणीच्या जात्यात तो झिजतो, आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. पंख लुळे पडतात, अन्न पुढे सरकत नाही, आणि भरल्या शेतात पक्षी उपाशी मरतो. त्याला खाणारे गरुडही मरू लागले. अखेर १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले. १९९६-९७ च्या हंगामात मिसिसिपी खोऱ्यातली बदकं तपासली, तेव्हा शिशाच्या विषबाधेने होणारे मॅलार्डचे मृत्यू सुमारे ६४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला.

शिशाच्या जागी आला पोलादी छर्रा (खरं तर तो मऊ लोखंडाचा असतो). शिकाऱ्यांची तक्रार होती की याने बदक पडत नाही, जखमी होऊन निसटतं. जुन्याच नंबरचं, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या छर्ऱ्यांचं काडतूस भरलं, तर तक्रार रास्तच होती. शिसं पाण्याच्या अकरा पट जड, लोखंड जेमतेम आठ पट. तेवढ्याच आकाराचा लोखंडी छर्रा सुमारे ३० टक्के हलका भरतो.

मग तो मोठा घ्यायचा, पण किती? गोळीचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे व्यास फक्त १२ टक्के वाढवला की तूट भरून निघते. अमेरिकी मापात नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा. ४ नंबर म्हणजे ०.१३ इंच, २ नंबर म्हणजे ०.१५ इंच. ०.१३ मध्ये १२ टक्के मिळवा, २ नंबरच्या अगदी जवळ पोचता. ‘शिशापेक्षा दोन नंबर मोठा’ हा शिकाऱ्यांचा ठोकताळा म्हणजे घनमुळाचं गणितच आहे! एका औंसात शिशाचे ४ नंबरचे साधारण १३५ छर्रे बसतात, पोलादाचे २ नंबरचे १२५.

हवेचा हिशेब मात्र वेगळा. वजन तेच, पण अंग रुंद, म्हणून पोलादी छर्रा लवकर मंदावतो. हवा कापण्यात शिशाची पूर्ण बरोबरी करायची, तर ०.१८ इंचाचा ‘बीबी’ छर्रा लागेल. पण ते औंसात ७० च्या आसपासच मावतात आणि बार विरळ होतो. कंपन्या यावर वेग वाढवतात, सेकंदाला १,४०० फूट आणि वर. तो उपाय मला अपुरा वाटतो. वेग वाढला की हवेचा अडथळा त्याहून झपाट्याने वाढतो, आणि कमावलेलं पुष्कळसं वाटेतच खर्ची पडतं. त्यापेक्षा अंतर कमी ठेवलेलं बरं. पाण्यातल्या झाडीत बदकं २५-३० वारांवर उतरतात, तिथे ३ किंवा ४ नंबर पुरतो. उघड्या पाण्यावर २ नंबर. बीबी हंसांसाठी.

पोलाद शिशापेक्षा कठीण असल्याने नळीतून जाताना छर्रे चेपत नाहीत, गोल राहतात आणि एकगठ्ठा जातात. म्हणून नळीच्या तोंडाचा चोक (तोंडाशी नळी किंचित निमुळती करणारा भाग) शिशाला लागायचा त्यापेक्षा मोकळा ठेवतात. घट्ट चोकमधून जाड पोलादी छर्रे सोडले तर नळीच खराब होऊ शकते. जुन्या पातळ नळीच्या बंदुकीत ही काडतुसं घालूच नयेत.

खरी परीक्षा कागदावर होते. ४० वारांवर मोठा कागद ताणायचा, एक बार काढायचा, जिथे दाट भोकं दिसतील त्याभोवती ३० इंच व्यासाचं वर्तुळ आखायचं आणि आतली भोकं एकेक करून मोजायची. कुठे ताटलीएवढी जागा कोरी राहिली असेल, तर तिथे आलेल्या बदकाला कडेचे एकदोन छर्रे लागतील आणि ते लव्हाळ्यांत जाऊन मरेल. तेव्हा चोक बदलायचा, काडतूस बदलायचं, नाहीतर ३० वारांपलीकडे बंदूक उचलायची नाही.