इंटर्नशिपनंतर एमएमसी रजिस्ट्रेशन आणि बॉण्ड: घोडं नेमकं कुठे पेंड खातं

एमबीबीएस झालं, इंटर्नशिपचे बारा महिनेही संपले, तरी लगेच प्रॅक्टिस करता येत नाही हे आधी घरच्यांना नीट समजावून सांगा. प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन इंटर्नशिपपुरतंच असतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं परमनंट रजिस्ट्रेशन येईपर्यंत, गणपतीत गावी गेलात आणि ओळखीतले डॉक्टर म्हणाले चार दिवस माझा दवाखाना बघ, तर सरळ नाही म्हणा, कितीही जवळचे असले तरी.

अर्ज ऑनलाइन आहे. फोटो, सही, आधार, जन्मतारखेचा पुरावा, प्रोव्हिजनल, आरोग्य विद्यापीठाचं पासिंग, फी, हे सगळ्यांचं होतं. अडतं ते इंटर्नशिप कम्प्लिशन सर्टिफिकेटवर. ते कॉलेज देतं, पण लॉगबुकात प्रत्येक पोस्टिंगची सही असल्याशिवाय देत नाही. कम्युनिटी मेडिसिनच्या १२ आठवड्यांतला बराच वेळ पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो आणि मंडणगड, गुहागर, वैभववाडीकडच्या पीएचसीतले वैद्यकीय अधिकारी बरेचदा स्वतःच बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर असतात, त्यांचं वर्ष संपलं की ते गेले नागपूर नाहीतर नांदेडला, मग सही कोणाची आणणार? अशा वेळी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची सही चालवून घ्यायला काय हरकत आहे मला खरंच कळत नाही, पण काही ठिकाणी नाही चालवत. म्हणून पोस्टिंग संपतं त्याच दिवशी सही आणि गोल शिक्का घ्या, रजेच्या नोंदीसकट. रजा जास्त झाली तर इंटर्नशिप पुढे जाते, आणि पुढे गेली तर प्रोव्हिजनलची मुदतही तपासा, ते कोणी सांगत नाही.

दुसरं अडतं ते नावावर. दहावीला आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नावच नाही, आणि डिग्रीवर तिसरंच स्पेलिंग. हे इंटर्नशिप चालू असतानाच दुरुस्त करून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी आधी डिग्रीवरच्या नावानेच रजिस्ट्रेशन करावं, नाव नंतर बदलता येतं.

नीट पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांनी तारखा नीट वाचा बाबांनो. २०२५ साली अर्ज भरायची मुदत मे महिन्यातच संपली होती, पण इंटर्नशिप पूर्ण करायची मुदत ३१ जुलै होती. या दोन वेगळ्या तारखा आहेत. रजेमुळे ज्याची इंटर्नशिप ऑगस्टमध्ये गेली तो अर्ज वेळेत भरूनही अपात्र, आणि तिथे कोणाची रडगाणी ऐकत नाहीत.

सरकारी कॉलेजवाल्यांना एक वर्षाचा बॉण्ड, नाहीतर १० लाख रुपये. वर्ष मोजतात रुजू झाल्याच्या तारखेपासून, ऑर्डरच्या तारखेपासून नाही. पावसात घाट बंद म्हणून पोचायला उशीर होणार असेल तर लेखी कळवा आणि पोच घ्या, फोनवर सांगितलेलं पुढे कोणालाच आठवत नाही. बॉण्ड पूर्ण केल्याचा दाखला पीएचसीत काम केलं असेल तर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात केलं असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडून. चुकीच्या ऑफिसात फाईल देऊन वाट बघत बसलेली पोरं दरवर्षी दिसतात, वाईट वाटतं. रुजू अहवाल आणि कार्यमुक्तीचा आदेश, दोन्हीच्या सही-शिक्क्याच्या प्रती स्वतःकडे ठेवा.

आणि हे वर्ष फुकट गेलं असं मनात धरू नका. महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत काम करतानाच डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या उपचारांच्या संशोधनामागे लागले होते.

रजिस्ट्रेशन हातात आलं की त्यावरची तारीख बघा. दर ५ वर्षांनी रिन्युअल असतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात, तेव्हा रत्नागिरी, चिपळूण, कुडाळला कुठे मान्यताप्राप्त सीएमई (डॉक्टरांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम) झाली तर जाऊन सर्टिफिकेट घेऊन या, शेवटच्या वर्षी एकदम गोळा करायला जाऊ नका.